हबसाण, मगदला आणि मुंबईचे बंदर

आमच्या सोनपेठास समुद्राचे नाव सहसा निघत नाही. येथला मनुष्य पाण्याचा विचार करतो तो विहिरीच्या, पावसाच्या आणि फार तर गंगेच्या संबंधाने. आणि गंगा म्हणजे अर्थातच गोदावरी, काशीची नव्हे. असे असता गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ मजकडे आले आणि समुद्राविषयीचा एक प्रश्न पुढे ठेवून बसले. तालुक्यातल्याच एका खेड्यातून तरुणपणी ते नौदलात गेले, पुष्कळ वर्षे यंत्रखोलीत काम केले आणि निवृत्त होऊन पुन्हा शेतीस लागले. त्यांची बरीचशी नोकरी 'गोदावरी' नावाच्या युद्धनौकेवर झाली होती. ते म्हणाले, "सर, घर सोडून हजार मैल लांब गेलो, तरी बोटीच्या पाठीवर नाव आमच्या गंगेचंच. ते नाव पहिल्यांदा दिलं कोणी? आणि बोटींना नावं देतं तरी कोण?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ देता येईल असे मला वाटले. परंतु शोध घेऊ लागलो तेव्हा मी मुंबई बंदरातील दोन विसरल्या गेलेल्या लोखंडी नौकांपाशी येऊन थांबलो, आणि त्यांच्या नावांपाशी माझे मन जे गुंतले ते अद्याप सुटलेले नाही. त्याच दोन नौकांची हकीकत येथे मुख्यत्वे सांगावयाची आहे.

या नौकांची नावे 'अबिसीनिया' आणि 'मगदला'. पहिली १९ फेब्रुवारी १८७० रोजी आणि दुसरी त्याच वर्षी २ मार्च रोजी, दोन्हीही लंडन येथे थेम्स नदीच्या पाण्यात उतरल्या. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी म्हणून त्या मुद्दाम बांधविण्यात आल्या होत्या. त्यांची मागणी इंडिया ऑफिसची होती. प्रत्येकीस एक लक्ष पौंडांहून बराच अधिक खर्च आला. आकाराने 'मगदला' ३३०० टनांची, तर 'अबिसीनिया' २९०० टनांची, म्हणजे थोडी लहान व थोडी स्वस्त. लांबी दोहोंची २२५ फूट. प्रत्येकीवर दहा इंची तोंडाच्या चार अवजड तोफा होत्या, आणि त्या दोन फिरत्या बुरुजांत जोडीजोडीने बसविलेल्या होत्या. वेग दहा नॉटच्या आसपास. अशा या दोन्ही नौका मुंबईस आल्या आणि तीस-बत्तीस वर्षे तेथेच राहिल्या. तोफा डागण्याच्या सरावासाठी मधूनमधून बंदराबाहेर पडाव्या व पुन्हा आत यावे, याहून मोठा प्रसंग त्यांच्या वाट्यास आला नाही. १९०३ च्या सुमारास त्या मोडीत निघाल्या.

आता कोणी म्हणेल, ज्यांनी शत्रूवर एकही गोळा टाकला नाही त्या नौकांचा इतिहास तो काय लिहावयाचा? माझे उत्तर असे की, लढाऊ नौकेच्या रचनेत पुढे जी उलथापालथ झाली तिची एक महत्त्वाची पायरी म्हणजे या नौका होत. आणि त्यांच्या नावांत एक असा इतिहास दडलेला आहे की जो आपल्या पैशाने व आपल्या माणसांच्या श्रमाने घडला.

प्रथम रचना पाहू. मार्च १८६२ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्धात हॅम्प्टन रोड्स येथे दोन लोखंडी नौका एकमेकींवर तासन्‌तास तोफा डागीत राहिल्या आणि दोहोंपैकी एकही बुडाली नाही. त्यांपैकी 'मॉनिटर' नावाची नौका म्हणजे पाण्यावर जेमतेम वर दिसणारा लोखंडी तराफा आणि त्याच्यावर एक फिरता बुरूज, एवढीच होती. शत्रूला मारावयास लक्ष्यच थोडे, हा तिचा गुण. परंतु समुद्र थोडा खवळला की पाणी थेट बुरुजाच्या बुडाशी आणि झडपांत शिरे, हा तिचा दोष. त्याच वर्षाच्या अखेरीस ती वादळात बुडाली. इंग्लंडच्या आरमाराचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड याने या दोषावर एक युक्ती काढली. तूतक पाण्यापासून तीन-साडेतीन फुटांवरच ठेवावयाचे, परंतु नौकेच्या मध्यभागी चिलखती भिंतीचा एक कोट उभारावयाचा. दोन्ही बुरूज, धुराडे आणि खाली उतरण्याच्या वाटा त्या कोटाच्या आत घ्यावयाच्या. म्हणजे लाटा तूतकावरून खुशाल वाहून गेल्या तरी नौकेच्या मर्मस्थळास पाणी शिवत नाही. एक बुरूज पुढे, एक मागे, मध्ये उंच बांधकाम, आणि शिडांचे व डोलकाठ्यांचे जंजाळ अजिबात नाही: पुढील पाऊणशे वर्षांतील मोठ्या लढाऊ जहाजाचे चित्र डोळ्यांपुढे आणा, आणि त्याचा कच्चा आराखडा येथे दिसतो की नाही ते पाहा. या नमुन्याच्या तीन बहिणी झाल्या. थोरली 'सेर्बेरस' ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीसाठी, आणि या दोघी मुंबईसाठी.

शिडे टाकून देणे ही गोष्ट आज आपणास क्षुल्लक वाटते. त्या काळी ती तशी नव्हती. शिडांवाचून समुद्रात जाणे म्हणजे कोळसा संपताच मरणे, अशी जुन्या दर्यावर्दींची पक्की समजूत होती. आणि दूरच्या प्रवासापुरती ती खोटीही नव्हती. म्हणून कॅप्टन कोल्स याने फिरते बुरूज आणि पुरी शिडे या दोहोंचा मेळ घालून 'कॅप्टन' नावाची नौका बांधविली. रीडचा तिला विरोध होता. तूतक खाली आणि डोलकाठ्यांचे ओझे वर, असे ते जहाज ७ सप्टेंबर १८७० च्या रात्री स्पेनच्या किनाऱ्यानजीक वाऱ्याच्या झोताने उलटले आणि पावणेपाचशेच्या आसपास माणसे घेऊन तळाशी गेले. बुडणाऱ्यांत खुद्द कोल्सही होता. ही बातमी लंडनमध्ये ताजी असतानाच मुंबईच्या दोन्ही नौकांचे काम पुरे झाले. त्यांना हजारो मैलांची सफर करावयाची होती, आणि कमी उंचीच्या बुरूजवाल्या नौकेचे नाव काढताच खलाशांच्या अंगावर काटा येत होता. त्या सुखरूप पोहोचल्या. रीडचे गणित बरोबर होते याची ती साक्ष होती.

येथे मला आपल्या घरच्या एका ग्रंथाची आठवण होते. शिवछत्रपतींच्या राज्यनीतीचे सार म्हणून जे 'आज्ञापत्र' प्रसिद्ध आहे, त्यात आरमाराचे एक प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत; वाऱ्यावाचून जी हलणारच नाही अशी अवजड नौका बांधून उपयोग नाही; बंदर आणि दुर्ग यांच्या आश्रयाने आरमार असावे, असा तेथील उपदेशाचा मथितार्थ आहे. सागवान तोडावे पण रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, हा त्याच प्रकरणातील सुप्रसिद्ध भाग. आता आज्ञापत्रकारास वाफेच्या यंत्राची कल्पना होती असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. आपल्याकडे तशी खोड पुष्कळांस आहे. परंतु किनारा राखणाऱ्या नौकेची गरज काय असते, हे त्याने आणि रीडने सारखेच ओळखले होते. वारा पडला की आंग्र्यांची गलबते वल्ह्यांवर पुढे सरकत आणि इंग्रजांची मोठी जहाजे शिडे लोंबकळत जागच्या जागी उभी राहात. ज्यांनी त्या पाण्यात हा मार सोसला, त्यांच्याच वंशजांनी मुंबईसाठी वाऱ्याची पर्वा नसलेली बुटकी नौका मागविली, यात मला इतिहासाचा थोडा विनोद दिसतो.

पण मुंबईस अशा नौका हव्या कशाला होत्या? अमेरिकेच्या त्याच युद्धात दक्षिणेच्या पक्षाची 'अलाबामा' नावाची एकाकी नौका जगभर फिरून उत्तरेची व्यापारी जहाजे जाळीत सुटली होती. जानेवारी १८६४ मध्ये ती थेट मलबार किनाऱ्यावर आली, तेथे एक जहाज जाळले आणि त्यावरील माणसांना अंजेंगो येथे उतरवून निघून गेली. लिव्हरपूलचा कापूस बंद पडल्यामुळे मुंबई त्या वेळी पैशात लोळत होती. दख्खनच्या आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला कापूस बैलगाड्यांतून व आगगाडीतून तिकडे धावत होता. एक चपळ शत्रुनौका बंदरात शिरली तर काय अनर्थ होईल, ही भीती अगदीच काल्पनिक नव्हती. 'मगदला' मोठ्या आरमाराशी झुंजण्यास पुरेशी नाही हे करणाऱ्यांसही ठाऊक होते. एकट्यादुकट्या लुटारू नौकेस दाराशी अडवावे, एवढीच तिजकडून अपेक्षा होती.

इथवर रचनेची गोष्ट झाली. आता नावे.

१८६७ च्या अखेरीस मुंबई इलाख्याचा सेनापती सर रॉबर्ट नेपियर याच्या हाताखाली एक प्रचंड मोहीम तांबड्या समुद्रापलीकडे निघाली. अबिसीनियाचा राजा थिओडोर, तिकडच्या भाषेत तेवोद्रोस, याने इंग्रज वकील व काही युरोपियन कैदेत टाकले होते. मोहिमेत सुमारे तेरा हजार सैनिक आणि त्यांच्या दुप्पट बाजारबुणगे व मजूर होते. सैनिकांतील बहुसंख्य हिंदी; तोफा वाहण्यास चव्वेचाळीस हत्ती, तेही हिंदुस्थानातूनच नेलेले. झुला येथील किनाऱ्यापासून चारशे मैल डोंगर चढून ही फौज मगदला नावाच्या पहाडी किल्ल्याशी पोहोचली. थिओडोरने युरोपियन कारागिरांकडून एक अजस्र तोफ ओतवून घेतली होती आणि तिचे नाव, आश्चर्य वाटेल, 'सेबास्तोपोल' असे ठेवले होते. क्रिमियाच्या लढाईची कीर्ती त्याच्या कानी गेली होती. त्या नावात काही सामर्थ्य आहे असे त्या राजास वाटले असावे. सेबास्तोपोलने त्याचे रक्षण केले नाही. १३ एप्रिल १८६८ रोजी किल्ला पडला, थिओडोरने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले, इंग्रजांनी मगदला जाळले आणि फौज परतली. राजाच्या लहान मुलास विलायतेस नेण्यात आले. तो तेथेच अठराव्या वर्षी वारला. नेपियर मात्र 'मगदलाचा लॉर्ड नेपियर' झाला.

थेम्सच्या काठी मुंबईच्या नौकांचे काम सुरू झाले ते याच वर्षी, किल्ला पडल्यानंतर तीन आणि सहा महिन्यांनी. म्हणजे विजयाचा गुलाल अंगावर असतानाच हे बारसे ठरले. मोहीम मुंबईहून निघाली होती. तेव्हा तिची आठवण मुंबईच्या बंदरात राहावी, हा हेतू उघड आहे. मोहिमेतील हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवरच टाकण्यात आला होता. ज्या युद्धाशी या देशाचा काडीचा संबंध नव्हता, त्यात आपली माणसे लढली, आपले हत्ती राबले, आपली तिजोरी हलकी झाली, आणि आपल्याच दाराशी उभ्या राहणाऱ्या राखणदारांना त्या जळालेल्या परक्या किल्ल्याचे नाव मिळाले. मुंबईच्या एखाद्या मराठी गिरणीकामगारास किंवा भाऊच्या धक्क्यावरच्या हमालास 'मगदला' या शब्दाने काय बोध होत असेल?

'अबिसीनिया' या नावाने मात्र झाला असता, जर कोणी त्यास सांगितले असते की हा देश म्हणजे हबश. आपल्या जुन्या कागदपत्रांत 'हबसाण' म्हणून एक प्रांत वारंवार येतो. तो आफ्रिकेतला नव्हे. मुंबईच्या दक्षिणेस जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख तो हा. सिद्दी मूळचे हबशी, म्हणून त्यांची जमीन हबसाण. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही चवताळले. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावले. याच पाण्यात, याच दिशेस तोंड करून, दोनशे वर्षांनी इंग्रजांनी 'अबिसीनिया' नावाची नौका उभी केली. नाव देणाऱ्याच्या मनात यातले काहीही नव्हते हे मी जाणतो. त्याने नाव नकाशावरून घेतले. पण नावे ठेवणाऱ्याच्या मनापुरती राहात नाहीत. ज्याच्या कानी पडतात त्याच्या स्मृतीशी ती आपले नाते जोडीत बसतात.

हा प्रकार या दोन नौकांपुरता नव्हता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी लाकडाची जी अजोड जहाजे बांधली, त्यांतील कित्येकांची नावे 'गंगा', 'आशिया', 'कलकत्ता', 'मुंबई' अशी होती. 'आशिया' तर १८२७ मध्ये नॅव्हरिनोच्या लढाईत मुख्य सेनापतीचे जहाज होते. परंतु १८४८ मध्ये तेथेच पाण्यात उतरलेल्या ऐंशी तोफांच्या जहाजाचे मूळ योजिलेले 'मद्रास' हे नाव बदलून 'मियानी' ठेवण्यात आले. मियानी म्हणजे सिंधच्या अमिरांचा पराभव झाला ते रणांगण. देशाचे नाव पुसून देशातील पराजयाचे नाव लिहिले गेले.

लोखंडामागून पोलाद आले. फ्रेंचांची 'रेडूटाब्ल' १८७६ साली पाण्यात उतरली. मोठ्या लढाऊ नौकेच्या बांधणीत पोलाद मुख्यत्वे वापरले गेले ते तेव्हापासून. पोलाद अधिक कणखर, म्हणून तेवढ्याच वजनात अधिक मोठी नौका. इंग्रजांनी १८८९ नंतर ज्या थोर पोलादी नौका बांधल्या, त्यांतील एकीचे मूळ नाव 'रिनाउन'. ते बदलून 'एम्प्रेस ऑफ इंडिया' करण्यात आले. मे १८९१ मध्ये तिला पाण्यात सोडण्याचा विधी डचेस ऑफ कॅनॉट हिच्या हस्ते झाला. तिचा नवरा नुकताच मुंबई इलाख्याच्या सेनापतिपदावरून परतला होता. चौदा हजार टनांची ही हिंदुस्थानची सम्राज्ञी कधी हिंदुस्थानच्या कामास आली नाही. नोव्हेंबर १९१३ मध्ये इंग्रज आरमारानेच तोफांच्या सरावासाठी तिला निशाण म्हणून उभे केले आणि बुडविले.

आणि आपलेच नाव घेऊन बुडालेली आणखी एक नौका आहे. 'मार्क्समन' म्हणून बांधावयास घेतलेल्या एका विनाशिकेचे नाव १९४२ मध्ये बदलून 'मराठा' ठेवण्यात आले. २५ फेब्रुवारी १९४४ रोजी रशियाकडे निघालेल्या काफिल्याबरोबर असता उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रात जर्मन पाणबुडीने तिला बुडविले. दोनशेंहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांची संख्या वीसही भरली नाही. त्या बर्फाळ पाण्याच्या तळाशी आपल्या जातीचे नाव लोखंडावर कोरलेले पडून आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात किती जणांस ठाऊक आहे?

गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदी आरमारात डलहौसी, क्लाइव्ह, लॉरेन्स, कॉर्नवॉलिस या नावांची रेलचेल होती. मग हळूहळू नद्या आल्या. सिंधू, सतलज, यमुना, नर्मदा, कृष्णा, कावेरी, आणि १९४३ मध्ये 'गोदावरी'. म्हणजे पहिल्यांदा हे नाव इंग्रजी अमलातच दिले गेले. त्या अमलाच्या अखेरच्या वर्षांत, १९४५ साली, लोणावळ्याच्या नाविक प्रशिक्षण केंद्रास 'शिवाजी' हे नाव मिळाले, तेही त्यांच्याच हातून. फाळणीत पहिली 'गोदावरी' पाकिस्तानच्या वाट्यास गेली आणि तिचे नाव 'सिंध' झाले. इकडे १९५१ मध्ये मुंबईतील 'डलहौसी' या नाविक तळाचे 'आंग्रे' असे नामांतर झाले. ज्याने साताऱ्याचे व नागपूरचे राज्य खालसा केले त्याचे नाव उतरले, आणि ज्याच्या गुराबांना मुंबईकर इंग्रज भीत असत त्याचे चढले. नामांतरांविषयी माझे मत एरवी फारसे अनुकूल नसते. या एकाविषयी मला तक्रार नाही.

दुसरी 'गोदावरी' माझगाव गोदीत बांधली गेली, १९८० मध्ये पाण्यात उतरली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली. आराखडा आपल्याच लोकांनी केलेला. तिच्या दोन धाकट्या बहिणी 'गंगा' व 'गोमती'. मी हे सांगितले तेव्हा गृहस्थ हसून म्हणाले, "म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं एकाच नदीच्या दोन बोटी!"

मग त्यांनी 'मगदला'चे पुढे काय झाले ते विचारले. मी सांगितले की मुंबईस तिचा मागमूस नाही. मात्र तिची थोरली बहीण 'सेर्बेरस' मेलबर्नजवळच्या किनाऱ्यावर लाटा अडविण्यासाठी १९२६ मध्ये बुडवून ठेवली, ती गंजत का होईना अजून दोन्ही बुरुजांसह तेथे आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी विचारले, "तुमची 'गोदावरी' २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाली. मुंबईला गेला होता का त्या दिवशी?"

"नाही सर," ते म्हणाले. "बोलावणं आलं होतं. पण वेचणीला बाया लावल्या होत्या, कापूस शेतात उभा होता. संध्याकाळी झेंडा उतरवायची वेळ मला पाठ होती. तेवढा वेळ बांधावर उभा राहिलो."